फ्रीझर भरायचाय? मग शिंगं विसरा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला नोकरीला आहे, एच-१बी व्हिसावर. तिथले सहकारी एल्क मारून वर्षभराचं मांस फ्रीझरला टाकतात म्हणे. शिकारीचं लायसन्स तिथे सोडतीने मिळतं, यंदा हाही त्यात नाव घालतोय. बंदुकीचं ऐकून घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. हे कायद्यात बसतं का? आणि परवा फोनवर 'काउ टॅग काढणार' म्हणाला, तेव्हा त्याच्या आजीने जपमाळच खाली ठेवली.
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आधी आजींना सांगा, 'काउ' म्हणजे इथे गाय नव्हे. एल्क हे हरणाच्या कुळातलं जनावर. सागरेश्वरला सांबर पाहिला असेल, तर एल्क त्याचाच थोरला चुलतभाऊ समजा. त्याच्या मादीला तिकडे 'काउ' म्हणतात, आणि 'टॅग' म्हणजे ती मारण्याचं लायसन्स, इतकंच.

कायद्याचं मात्र नीट समजून घ्या. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्या मनाईला एक अपवाद असा, की एखाद्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स त्याच्याकडे हवं. म्हणून क्रम चुकवायचा नाही. आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल तासाभरासाठी उसनी घेतली तरी नियम तोच. लायसन्सची मुदत संपली की सूटही संपते, आणि कपाटातली रायफल त्या दिवसापासून गुन्हा ठरते. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

लायसन्ससाठी 'हंटर एज्युकेशन'चं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं कार्ड लागतं. १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा नियम लागू आहे. त्याच्यापुढे 'क्वालिफाइंग लायसन्स' विकत घ्यायचं. छोट्या शिकारीचं (ससे, पक्षी वगैरे) वार्षिक लायसन्स त्यासाठी चालतं. ते नसेल तर सोडतीचा अर्जच भरता येत नाही. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. सलग सहा महिने कोलोरॅडोत राहिलेला माणूस रहिवासी धरला जातो. बाहेरच्यापेक्षा त्याला फी बरीच कमी आणि कोटा जास्त. मुलगा नुकताच गेला असेल, तर सहा महिने भरेपर्यंत घाई करू नये.

प्रश्न : कोलोरॅडोतला जावई एल्कच्या सोडतीसाठी तीन वर्षं 'पॉइंट' साठवतोय. चांगल्या युनिटचा, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या विभागाचा, नंबर लागायला अजून बरीच वर्षं जातील म्हणतो. थांबावं की मिळेल ते घ्यावं? त्यांना हवं आहे ते खायला मांस, शिंगं नकोत.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : शिंगं नको असतील तर थांबण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं पॉइंट खाणारी युनिटं मोठ्या शिंगांच्या नरांसाठी नावाजलेली आहेत. मांसाच्या हिशेबात ती बहुधा तोट्यात जातात.

ही सोडत म्हाडासारखी निव्वळ नशिबाची नाही. ती रांग आहे. पहिल्या पसंतीचं लायसन्स मिळालं नाही की एक प्रेफरन्स पॉइंट जमा होतो, आणि पुढच्या वेळी जास्त पॉइंटवाला आधी घेतला जातो. अर्जात चार पसंत्या देता येतात. पण पॉइंट खर्च होतात ते फक्त पहिल्या पसंतीचं लायसन्स लागलं तरच. दुसरी, तिसरी किंवा चौथी लागली तर साठवलेले पॉइंट जागच्या जागी राहतात.

यातली खुबी अशी. अर्जात प्रत्येक पसंती 'हंट कोड'ने लिहायची असते. पहिल्या पसंतीत 'ई-पी-९९९-९९-पी' हा कोड टाकायचा. तो नुसता पॉइंट मागण्याचा कोड आहे. दुसऱ्या पसंतीत मादीचं लायसन्स टाकायचं. दोन्ही साधलं तर त्याच वर्षी मांसही येतं आणि जावयाचे तीनाचे चार पॉइंट होतात.

मात्र दुसऱ्या पसंतीत टाकलेला कोड त्या पसंतीपर्यंत शिल्लक राहणारा हवा. तो ओळखायला दरवर्षीचा 'ड्रॉ रिकॅप' अहवाल राज्याच्या वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. प्रत्येक हंट कोडखाली कोटा, म्हणजे एकूण लायसन्सं, किती होता, पहिल्या पसंतीला अर्ज किती आले, दुसऱ्या पसंतीला किती लायसन्सं गेली, हे रहिवासी आणि बाहेरचे असं वेगळं दिलेलं असतं. एकाच वर्षाचा पाहू नका, तीन वर्षांचे शेजारी ठेवा. २०२२-२३च्या हिवाळ्यात वायव्य कोलोरॅडोत बर्फाने फार जनावरं मेली आणि पुढच्या वर्षी तिथली लायसन्सं कापली गेली. आधीच्या अहवालावर विसंबलेल्यांचे अंदाज तेव्हा पार कोलमडले. म्हणून अर्जाआधी यंदाचा कोटाही बघायचा.

कोड वाचता आला पाहिजे. समजा 'ई-एफ-०१२-ओ१-आर' आहे. ई म्हणजे एल्क, एफ म्हणजे मादी, ०१२ हे युनिट, ओ१ म्हणजे पहिला रायफल हंगाम, शेवटचा आर म्हणजे रायफल. 'ओ'च्या जागी 'पी' दिसला, तर ते लायसन्स फक्त खासगी जमिनीवर चालतं. नवखे नेमके इथे फसतात. सोडतीनंतर उरलेल्यांच्या यादीत अशी लायसन्सं भरपूर असतात, सहज मिळतात, आणि मग रँचवाला फाटकातून आत घेत नाही. मालकाची परवानगी आधी हातात नसेल तर 'पी'च्या वाटेला जाऊ नये.

मिळण्याची शक्यता सारखी असलेल्या दोन कोडांत निवड करायची झाली, तर आमचा कौल ज्या युनिटात रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटरच्या आत सरकारी जंगल आणि जनावर दोन्ही आहेत त्याला. मादीचा मागचा एक पाय हाडासकट वीस किलोच्या वर भरतो. चारही पाय, पाठ, मान असं सगळं पाठीवर आणायचं म्हणजे एकट्याला चार-पाच फेऱ्या. तेही अडीच-तीन हजार मीटर उंचीवर. आपलं महाबळेश्वर १,३७२ मीटरवर आहे, त्यावरून दम किती लागेल ते ताडा. आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथे गुन्हा आहे. मागे-पुढे चारही पाय, पाठीची लांब पट्टी आणि आतली नाजूक पट्टी आणावीच लागते.

हंगामाचंही तसंच. पहिला रायफल हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला येतो. तेव्हा दुपारी ऊन चांगलं तापतं, मांस सांभाळणं अवघड जातं. चौथा नोव्हेंबरअखेरीस. थंडी कडाक्याची, पण बर्फ पडलं की कळप खाली, रस्त्यांच्या जवळ उतरतात आणि मांस आपोआप गार राहतं. फ्रीझरवाल्याने चौथ्याचा विचार आधी करावा.

प्रश्न : एका मादीचं किती मांस निघतं? फ्रीझर केवढा घ्यावा? मागच्या वर्षी सुनेच्या ओळखीच्यांचं अर्धं मांस वास मारू लागलं, त्यांना कारण कळलं नाही.
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : मोठ्या मादीचं बिनहाडाचं मांस साधारण सत्तर ते ऐंशी किलो धरा. एका घनफुटात सोळा किलोच्या आसपास बसतं. म्हणजे पाच घनफूट पुरतात, पण सात घनफुटांचा घ्यावा. बाकीच्या वस्तूंना घरात जागा नको का?

वास येण्याची कारणं बहुतेक दोन. पहिलं रानातलं. एवढ्या जनावराच्या मांडीच्या खुब्याशी उष्णता कोंडते. वरून हाताला गार लागतं आणि आत हाडाजवळ मांस आंबत असतं. पडल्यावर लगेच कातडं काढायचं, पाय सुटे करायचे, मलमलीच्या पिशवीत घालून सावलीत, वाऱ्यावर टांगायचे. प्लास्टिकच्या पिशवीत गरम मांस कधीच भरू नये. बर्फाच्या पेटीत ठेवलं तर वितळलेलं पाणी रोज सोडून द्यायचं, नाहीतर मांस त्यातच भिजतं.

दुसरं कारण घरातलं. घरगुती फ्रीझर दिवसाला दर घनफुटामागे किलो-सव्वा किलोच ताजं मांस नीट गोठवतो. सात घनफुटांत एका दिवशी सात-आठ किलो, फार तर नऊ. सत्तर किलो एकदम कोंबलं तर मधलं दोन-तीन दिवस कोमटच राहतं. बाकीचं बर्फात ठेवून आठ-दहा दिवसांत थोडं थोडं भरावं, नाहीतर खाटकाकडूनच गोठवून घ्यावं. अर्ध्या-अर्ध्या किलोची व्हॅक्यूम पाकिटं करा आणि वर तुकडा कुठला ते लिहा. सहा महिन्यांनी मान आणि मांडी ओळखू येत नाही.

प्रश्न : मुलीला एल्कचा पांढरा रस्सा आणि भेजा करायचाय. मांस कोरडं होतं अशी तिची तक्रार आहे.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : भेजा नको. हरणांच्या कुळात सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे. तो पहिल्यांदा आढळला तोच १९६७ साली फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी मेंदू, मणका, डोळे, प्लीहा आणि लसिका गाठी खाऊ नयेत, आणि तपासणीत जनावर बाधित निघालं तर त्याचं काहीच खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. शिजवल्याने हा रोग जात नाही. डोकं तपासायला द्यायचं आणि निकाल येईपर्यंत पाकिटं वेगळी ठेवायची. पांढरा रस्सा करायचाच तर मणक्याची हाडं टाळून, निकाल आल्यावर पायाच्या नळ्यांचा करावा.

मांस कोरडं होतं कारण त्यात चरबी नसल्यासारखीच. जी असते ती मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाकावी. मान आणि नडगी कांदा-लसूण मसाल्यात कुकरला पाऊण तास. पाठीची पट्टी मात्र रश्शात घालू नये, ती तव्यावर तुपात चटकन भाजायची. खिम्यात किलोमागे शंभर ते दीडशे ग्रॅम बोकडाची चरबी दळून घातली की तो सुटा आणि रसरशीत होतो.

प्रश्न : येताना दोन किलो आणलं तर चालेल का? आणि आपल्याकडे अशी सोडत का नाही?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आणू नका. परदेशातून मांस आणायला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याची आयात परवानगी लागते, विमानतळावर ते जप्त होईल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे सोडत काढायला लायसन्सच नाही. सांबराचं मांस 'कोणी दिलं' म्हणून घरात ठेवलं, तरी गुन्हा ठेवणाऱ्यावर दाखल होतो. तिकडेही हे मांस विकता येत नाही, शेजाऱ्याला भेट देता येतं.