नदीवर गरवायला गेलं की किडे चावतात, पण किडे पळवायचं क्रीम लावलं तर मासे लागत नाहीत हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की नदीवर गळ टाकून बसलं की बारीक किडे चावून जीव नकोसा करतात आणि सोबतचे म्हणतात क्रीम लावू नको, वासाने मासा येत नाही, तर काय करावं. क्रीम लावा. फक्त तळहाताला आणि आमिषाला लागू देऊ नका. तुमच्या सोबतच्यांचा मला इथे बसून राग आलाय, कारण हेच वाक्य ऐकून मी माझ्या पोरीचे हाल केलेत.

माझं माहेर चिपळूण तालुक्यात, वाशिष्ठीच्या काठाला. कोयनेचं वीज करून झालेलं पाणी कोळकेवाडी धरणातून पुढे याच नदीला येतं, त्यामुळे बाकीच्या नद्या उन्हाळ्यात खडखडीत होतात तेव्हाही आमच्याकडे धार असते. आप्पांनी मला सातव्या वर्षी गरवायला शिकवलं, बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, गरी म्हणजे गळाचा आकडा आणि करवंटीत ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं. घरात चुलत भाऊ पाच आणि मुलगी मी एकटी, पण शेंगटी मासा काटा न लागता गरीवरून सोडवायला आप्पा मलाच हाक मारायचे. हे सांगायचं कारण, मी काही मुंबईहून पहिल्यांदा नदी बघायला आलेली बाई नाही.

२०१९ ची दिवाळी. पाऊस तेव्हाही हटला नव्हता, नदी भरून वाहत होती. माझी मुलगी नऊ वर्षांची, तिला पहिल्यांदाच नेत होते. सोबत थोरला चुलतभाऊ, आम्ही दादा म्हणतो. मी पिशवीतून ट्यूब काढली तर दादा म्हणाला, "ते फासू नको गो, मासा फिरकायचा नाही. आणि वाहत्या पाण्याला डास धरतच नाही." वर माझा पांढरा कुर्ता बघून म्हणे पांढऱ्याला मासा बुजतो, म्हणून पोरीला त्याच्या मुलाचा गडद निळा टीशर्ट घालायला लावला, अर्ध्या बाह्यांचा. मोठा माणूस, त्यात सणाचा दिवस, मी ट्यूब परत ठेवली.

खळाळाच्या कडेला खडकावर बसलो. डास खरंच एकही नव्हता. सकाळी सात-साडेसातला बारीक काळे किडे यायला लागले, दोन-तीन मिलिमीटरचे, पाठीला कुबड आल्यासारखे, आवाज बिलकुल नाही. चावलेलं आधी कळतच नाही, मग बघावं तर रक्ताचा ठिपका. पोरगी उठायला तयार नाही कारण तिला लागोपाठ दोन मळे मासे लागले होते, तिचे आयुष्यातले पहिले, आणि मी पण खुशीत, फोटो काढत बसले. घरी येईपर्यंत कानामागे, केसांच्या कडेला, मानेवर सगळीकडे गांधी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा उजवा डोळा उघडेना इतकी पापणी सुजलेली, अंगात कणकण. डॉक्टरांनी अँटीहिस्टॅमिन दिलं, चार दिवसांनी डोळा नीट उघडला. आणि दादा ओटीवर बसून सगळ्यांना सांगतोय, "शहरातली पोर, रक्त गोड, सोसत नाही तिला."

दादाचं अर्धं खरं होतं हे मला नंतर वाचून कळलं. डासाच्या अळीला श्वास घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं म्हणून तिला साचलेलं पाणी लागतं, धारेत ती टिकत नाही. पण चावले ते डास नव्हतेच. ती सिम्युलियम नावाची माशी, इंग्रजीत ब्लॅक फ्लाय म्हणतात, आणि तिला हवंच असतं वाहतं पाणी. तिची अळी धारेतल्या दगडाला रेशमासारख्या धाग्याने चिकटून राहते आणि पाण्यातून वाहत येणारं बारीकसारीक गाळून खाते. दगड उलटा केला की काळपट अळ्या हलताना दिसतात ना, त्या. माशी दिवसाउजेडी चावते आणि गडद रंगावर, त्यातही निळ्यावर जास्त येते. म्हणजे ट्यूब ठेवायला लावली, खळाळावर बसवलं आणि निळा टीशर्ट घातला, तिन्ही गोष्टी उलट्या. रक्त गोड-बिड काही नाही.

राहिला वासाचा मुद्दा. माशाला वास कळतो, चांगलाच कळतो, शेंगटीसारख्याला तर मिशांनीही चव कळते. म्हणून आमिषाला क्रीम लागू नये हे बरोबर, पण मानेवरच्या क्रीमचा वास पाण्यात जाणार कसा? मी मनगटाच्या मागच्या बाजूने लावते, मग तळवे काठावरच्या मातीने चोळून धुते आणि मगच गांडूळ लावते. गेल्या दिवाळीत दादा शेजारी बसला होता, त्याला तीन, मला सात, त्यात एक हातभर वाम मासा. तो काही बोलला नाही.

कपडे फिके पण भडक पांढरे नकोत, खाकी किंवा मातकट, पूर्ण बाह्या, कान झाकेल असं फडकं. वारा लागेल अशा जागी बसा, वाऱ्यात या माश्यांना नीट उडता येत नाही. संध्याकाळी कोंडाच्या, म्हणजे खोल संथ पाण्याच्या बाजूला मात्र डासच असतात, तिथे शेणीचा धूर थोडाफार चालतो.

क्रीम लावूनही दोन-चार चावतातच, डासावर जितकं चालतं तितकं या माशीवर चालत नाही. डीईईटी नावाचं किडे पळवणारं रसायन असलेलं क्रीम घेतलंत तर ते प्लास्टिक खातं, घड्याळ आणि चष्मा सांभाळा. लहान मुलांच्या हाताला लावू नका, हात डोळ्यात जातो. सूज डोळ्यावर, ओठावर असेल किंवा धाप लागली तर घरगुती लेप लावत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि वाशिष्ठीवरच येणार असाल तर खाली चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, पाण्यात पाय सोडून बसू नका. वरच्या अंगाला धरणाकडून पाणी सुटतं, खळाळाचा आवाज बदलला की गळ गुंडाळून वर यायचं, मासा लागलेला असला तरी.