पॅलेडियमचं नाणं मोडायचं कुठे?

प्रश्न : सोयाबीनचे पैसे हातात आलेत. सोनं परवडेना. पॅलेडियम या पांढऱ्या धातूची नाणी घ्यावीत का? (औसा)

दादा, घ्यायच्या आधी मोडायचं कुठे ते बघा. दवाखान्याची वेळ आली तर गावातला सराफ सोनं ठेवून लगेच पैसे देतो. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव रोज निघतो, पण पॅलेडियमला सराफ्यात कोणी भाव सांगत नाही. शिवाय चढउतार जीवघेणा. मार्च २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धामुळे औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) ३,००० डॉलरच्या वर गेलेला हा धातू २०२४ च्या सुरुवातीला हजाराखाली आला होता. पेरणीचा पैसा यात घालू नका.

प्रश्न : गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये हाच धातू लागतो म्हणतात. मग भाव वाढणारच ना? (वाळूज)

लागतो, पेट्रोल गाड्यांचा विषारी धूर कमी करायला. बहुतेक पॅलेडियम तिथेच खपतं आणि मेख तिथेच आहे. बॅटरीच्या गाडीला धूरच नाही. शिवाय पॅलेडियम फार महागलं की कंपन्या प्लॅटिनमकडे वळतात.

प्रश्न : लेकीनं कॅनडाहून एक औंसाचं 'मेपल लीफ' नावाचं पॅलेडियमचं नाणं आणलं. देवघरात ठेवायला पाकीट फोडलं. आता खरं-खोटं कसं कळेल? (जालना)

पाकीट फोडायला नको होतं, ताई. सीलबंद नाण्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं. असो. वजन ३१.१ ग्रॅम भरलं पाहिजे, म्हणजे आपल्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं तीन तोळ्यांहून थोडं जास्त. मग सराफाच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा २.६ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. चांदी असेल तर जवळपास ३ दाखवेल. एवढ्यावर पुरतं समाधान मानू नका, सराफाकडच्या कॅरेट मशीनवरही तपासून घ्या. सोन्यात पॅलेडियम मिसळून व्हाइट गोल्ड करणाऱ्या कारागिराला हा धातू ओळखीचा असतो. तो घेईलही, पण बराच कापून. लेक पुढच्या वेळी परत जाईल तेव्हा तिच्यासोबतच पाठवा. तिकडे दर बरा मिळेल. विमानतळावर दाखवायला बिल मात्र सोबत द्या.

प्रश्न : कर किती? (परभणी)

इथे घेताना ३ टक्के जीएसटी. दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, वर सेस.