लेक मास्तरीण होणार, मग बांबू सोडायचा का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं : "आम्ही बुरूड. सुपं, टोपल्या विणून संसार केला. मुलगी कला शाखेतून बारावी पास झाली, तिला डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करून मास्तरीण व्हायचं आहे. माझी ना नाही. पण रोज संध्याकाळी माझ्याजवळ विणायला बसते आणि म्हणते, शाळेत पोरांना याच्यावरूनच शिकवीन. मला ते पटत नाही. जातीचा धंदा माझ्यासोबत संपावा म्हणून तर तिला शिकवली. मॅडम, नोकरीत याचा काही उपयोग आहे, की नुसता वेळ जाईल?"

भाऊ, नमस्कार.

तुमचा राग रास्त आहे, हे आधी सांगते. ज्या कामाला गावानं कधी नीट भाव दिला नाही, प्लास्टिकच्या टोपल्या आल्यावर तर विचारलंही नाही, ते काम केवळ जन्मामुळे लेकीच्या गळ्यात पडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पोट भरायला तिनं टोपल्या विणाव्यात असं मी सांगणार नाही. पण तुमची मुलगी तरी तसं कुठं म्हणतेय? तिला त्या टोपलीतून गणित शिकवायचं आहे. लोहाराच्या, कुणब्याच्या, तेल्याच्या, गोंडाच्या, सगळ्यांच्या पोरांना एका रांगेत बसवून बांबू हातात द्यायचा आहे. तुमच्या मनात जी जातीची गाठ आहे, ती अशा वर्गात ढिली होईल असं मला वाटतं.

आता तुमच्याच कामातली एक गोष्ट घेते. टोपलीचा तळ बसला की तुम्ही उभ्या काड्या वर वळवता आणि एक आडवी काडी एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी फिरवत नेता. उभ्या काड्या आठ असल्या तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या फेऱ्यात आडवी काडी पुन्हा त्याच जागी पुढून आणि त्याच जागी मागून जाते, वीण धरत नाही. नऊ असल्या की प्रत्येक फेऱ्यात आपोआप पालटते. तुमच्या हाताला हे इतकं सवयीचं आहे की तुम्ही त्याला ज्ञान म्हणतच नाही. चौथीच्या वर्गात गट पाडून कुणाला सहा, कुणाला सात, कुणाला आठ, कुणाला नऊ काड्या दिल्या आणि कुणाची वीण बसली, कुणाची नाही हे फळ्यावर मांडलं, तर सम-विषम संख्या मुलं स्वतः शोधून काढतात. मग एखादं पोर विचारतंच, "मॅडम, आठ काड्यांची टोपली होतच नाही का?" होते. दोन आडव्या काड्या घेऊन एकीमागून एक चालवायच्या. हे का जमतं, याचा विचार मोठ्या माणसालाही दोन मिनिटं करावा लागतो. या एका तासासाठी लागतो एक बांबू आणि तो नीट चिरता येणारी बाई. ती बाई तुमच्या घरात आहे.

सुपाचं तसंच. धान पाखडताना कोंडा पुढं उडतो आणि दाणा मागं राहतो, तो का? कोवळा बांबू का लवकर किडतो, आणि तोडलेला बांबू पाण्यात का भिजत घालतात? बांबूत पिष्ट, म्हणजे स्टार्च असतं, कीड त्यालाच लागते, आणि भिजवल्यावर ते बरंच निघून जातं. विज्ञानाच्या पुस्तकात पिष्ट वेगळ्या पानावर आहे आणि बांबू वेगळ्या, एवढंच. नागरिकशास्त्रालाही हाच बांबू पुरतो. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळाला. ग्रामसभा म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या मुलांना याहून जवळच्या उदाहरणानं कोण सांगणार?

आणि हे मी काही नवं सांगत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्याच विदर्भात, वर्ध्याला, शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवण्याचा विचार तिथं मांडला गेला. झाकिर हुसेन समितीनं त्याचा अभ्यासक्रम आखला. तीच नई तालीम. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा आजही त्या वाटेनं चालते. मुलीला एकदा तिथं नेऊन आणा.

नोकरीत उपयोग काय, हा तुमचा खरा प्रश्न. भरतीत बांबूला वेगळे गुण नाहीत, हे स्पष्ट सांगते. डी.एल.एड. दोन वर्षांचं. त्यानंतर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर, १५० गुणांचा. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. मग शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, २०० गुणांची, आणि पवित्र या सरकारी भरती पोर्टलवरून निवड. या परीक्षांना घासून अभ्यास लागतो. विणकामाच्या नादात तो मागं पडला तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही किमान पात्रता करण्याचं ठरवलं आहे. म्हणून डी.एल.एड.वर थांबू नका. पदवीचं आत्ताच मनात धरा, घरून जमत असेल तर मुक्त विद्यापीठ आहे.

उपयोग होईल तो वर्गात उभं राहिल्यावर. त्याच धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना गावातल्या सुतार, कुंभार, कलावंतांकडे शिकावं असं म्हटलं आहे, आणि स्थानिक कारागिरांना शाळेत शिकवायला बोलवावं असंही. कागदावर हे छान आहे. पण पुष्कळ शाळांत कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून घर होतं, ते कपाटात जातं आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघतं. मला त्याचा फार संताप येतो, कारण त्याच गावात तुमच्यासारखा माणूस असतो आणि त्याला कुणी शाळेच्या पायरीवर बोलवत नाही. छात्रसेवाकालात, म्हणजे डी.एल.एड. करताना शाळेत शिकवायला पाठवतात तेव्हा, तुमच्या मुलीनं एक दिवस तुम्हालाच वर्गावर न्यावं. मात्र दोन अटी घाला : तुमच्या दिवसाची मजुरी शाळेनं द्यावी, आणि "अमुक यांनी शिकवलं" असं नाव फळ्यावर लिहावं. पुढं नोकरीत तिलाही सांगून ठेवा, कार्यक्रमाच्या टोपल्या फुकट विणून द्यायला ती नेमलेली नाही.

तिची नेमणूक उद्या गडचिरोलीतल्या कोरची किंवा भामरागडकडे झाली, तर पहिलीची मुलं घरी गोंडी, माडिया बोलणारी असतील. मराठीचं पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. हातानं काही करताना मात्र सगळ्यांना एकमेकांचं कळतं, आणि वस्तूंची, क्रियांची नावं दोन्ही भाषांत येऊ लागतात. भुलाबाईची गाणी, दंडारीसारखं लोकनाट्य, गावात जे आहे ते तिनं वर्गात आणावं. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपूरलाच आहे, आणि नोकरीत आल्यावर दिल्लीच्या सीसीआरटी या सांस्कृतिक प्रशिक्षण केंद्राची शिक्षकांसाठीची प्रशिक्षणं असतात, ती तिनं जरूर करावीत.

चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. डी.एल.एड.च्या सुट्टीत एखादं छोटं प्रशिक्षण तिथं जमतं का, ते दोघं मिळून जाऊन विचारा. नव्या यंत्रांवर बांबू कसा चिरतात हे तुम्हालाही पाहता येईल.

पण त्याआधी एक काम. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो आणि ऐन प्रवेशाच्या वेळी मुलं अडकतात. आजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जुन्या महसुली नोंदी शोधायला आजच सुरुवात करा. डी.एल.एड.चे अर्ज निघाले की पहिल्या आठवड्यातच भरून टाका.