फ्रान्समध्ये मला कुणी आपलं म्हणेल का?

"मॅडम, फ्रेंच माणसं तुसडी असतात, की माझ्यातच काही कमी आहे?" मेघनाने (नाव बदललं आहे) समुपदेशनाच्या ऑनलाइन भेटीत पहिल्याच दिवशी विचारलं. देशाचं नाव बदलून हाच प्रश्न मला अनेकजणी विचारतात. नवरा तुलूझला विमानकंपनीत, ही पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून गेलेली. बेकरीवाली धड बोलत नाही, शेजारीण जिन्यात दोन शब्द बोलून दार लावून घेते, रविवारी दुकानं बंद.

बेकरीत नेमकं काय घडतं, ते मी तिला बारकाईने सांगायला लावलं. नंबर आला की ती थेट 'एक बागेत' (बागेत म्हणजे लांबट फ्रेंच पाव) म्हणायची. आपल्याकडे यात काहीच वावगं नाही. फ्रान्समध्ये मात्र दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात वाट बघतानासुद्धा आधी 'बाँजूर', म्हणजे आपला नमस्कार, म्हणायचं असतं. ते राहिलं की समोरच्याला उद्धटपणा वाटतो. शेजारणीला तर तिने पहिल्याच भेटीत घरभाडं किती आणि मूल का नाही, हे आपुलकीनेच विचारलं होतं! आपल्यात चौकशीतून ओळख वाढते. तिथे पैसा आणि मूलबाळ हे विषय मैत्री मुरल्यावरचे.

हे कळल्यावर तिला हायसं वाटलं, पण रडू थांबलं नाही. रीतिभाती शिकून एकटेपणा जातो, असं मी मानत नाही. खोलात गेल्यावर दिसलं की सगळ्यात जड जायची ती सकाळ, नवरा ऑफिसला गेल्यानंतरची. पुण्यात तिच्या हाताखाली माणसं होती, इथे ती फक्त कुणाची तरी बायको होती. माहेरी सांगावं तर "फ्रान्सला आहेस, मजा आहे तुझी!" म्हणजे दुःख करायचीही सोय नाही. गेलेल्या कामाचं दुःख खरंच असतं, आणि ते आधी मान्य करावं लागतं. पुढच्या भेटीत नवऱ्यालाही बसवलं. "जरा बाहेर पड" म्हणणं त्याने थांबवलं आणि ऐकायला लागला. तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी होती, तेही दोघांनी तेव्हाच नीट पाहिलं.

फ्रान्समध्ये 1901 च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या असंख्य हौशी संस्था आहेत. सप्टेंबरमध्ये गावोगावी त्यांचा मेळावा भरतो, तिथेच नाव नोंदवता येतं. मेघना गाणं शिकलेली, म्हणून समूहगायन निवडलं. तिथे दर आठवड्याला तीच माणसं भेटतात आणि गप्पा मारण्याची सक्ती नसते. काही महिन्यांनी त्यातल्याच एकीने तिला संध्याकाळी घरी बोलावलं.

झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडली, तर मात्र डॉक्टरांना भेटाच. 'मों सूत्यां प्सी' या सरकारी योजनेत मानसतज्ज्ञांच्या वर्षाला 12 सत्रांपर्यंतचा काही खर्च आरोग्य विमा उचलतो.

दिवाळीत तिला पुन्हा रडू आलं, तेव्हा नवऱ्याने घाबरून मला फोन केला. त्यासाठी सत्राची गरज नव्हती. घरच्यांशी पोटभर बोला, एवढंच मी सांगितलं.