लिहिणाऱ्या माणसाला खरंच मोलाची वाटेल अशी भेट कोणती?

तुम्ही विचारलंय की तुमची मैत्रीण कथा लिहिते, तिचं पहिलं पुस्तक येतंय, आणि पेन, डायरी, पुस्तकं सोडून तिला काय द्यावं. मी स्वतः लिहून पोट भरते, म्हणून मला मिळालेल्या भेटीबद्दल सांगते: सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाश्यांची भरलेली पेटी.

आधी लिहिणाऱ्याचा दिवस कसा असतो ते पाहा. माझ्या कामात कथा थोडी आणि बाकीचंच फार. सकाळी अनुवाद, दुपारी दुसऱ्याच्या पुस्तकाची मुद्रितं, आणि उन्हाळा संपला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन. दिवसभर शब्द आणि शब्दच. घरात कोऱ्या डायऱ्यांचा गठ्ठा आहे. प्रत्येक डायरी प्रेमाने दिलेली आहे, पण ती मला पुन्हा टेबलापाशीच बसवते.

माझा मामेभाऊ महाबळेश्वरच्या बाजूला मधपाळ आहे. माझं पुस्तक आलं तेव्हा तो पेटी घेऊन आला, परसात जांभळाखाली स्टँडवर ठेवली, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवले म्हणजे मुंग्या चढणार नाहीत, आणि पहिली गोष्ट सांगितली, "ताई, पेटीच्या दारापुढे उभं राहायचं नाही. त्यांची वाट अडते. बाजूने उघडायची." पुढे हंगामभर तो येत राहिला. खरी भेट त्याचं हे येणं होतं, असं मी मनापासून मानते.

त्याने शिकवलं ते मी कुठल्या पुस्तकातून शिकले नसते. आग्या माशी उघड्यावर एकच मोठं पोळं लावते, ती पेटीत राहत नाही. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी पोळी बांधते, म्हणून चौकटींच्या पेटीत ती नांदते. पण मनाविरुद्ध झालं, मेणकिडा लागला, मुंग्यांनी छळलं, अन्न तुटलं, तर अख्खी वसाहत घर सोडून जाते. तिला डांबून ठेवता येत नाही. तिला राहावंसं वाटेल असं ठेवायचं, एवढंच आपल्या हाती.

कामकरी माशीचं आयुष्य ऐकून मी थक्क झाले. अंड्यातून माशी व्हायला तिला साधारण 3 आठवडे लागतात. मग ती आधी पोळ्यातली घरे साफ करते, पुढे पिलाव्याला, म्हणजे वाढत्या अळ्यांना, भरवते, मेण काढून पोळं बांधते, दारावर पहारा देते, आणि फुलांवर जायची पाळी सगळ्यांत शेवटी येते. ऐन हंगामात हे सगळं 6 आठवड्यांच्या आसपास आटोपतं. राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून येतात. फरक खुराकाचा: जिला अळीपणी सतत राजान्न, म्हणजे कामकरी माश्यांनी अंगातून स्रवलेला खास खुराक, मिळतं ती राणी होते. राणीचं घर पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखं लोंबतं. भावाने ते दाखवलं तेव्हा मी कितीतरी वेळ चौकट खाली ठेवली नव्हती.

आणि तो नाच! फुलोरा सापडलेली माशी परत येऊन अंधाऱ्या, उभ्या पोळ्यावर अंग थरथरवत सरळ रेषेत चालते. ती रेषा सरळ वर गेली तर सूर्याच्या दिशेने जायचं, तिरकी गेली तर तेवढ्याच कोनाने सूर्याच्या बाजूला. थरथर जितकी लांब, फुलं तितकी दूर. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने हे उलगडलं. त्यांना 1973 साली नोबेल मिळालं. अंधारात, न दिसणाऱ्या सूर्याचा हिशेब ठेवून एकीने दुसरीला पत्ता सांगायचा! निवेदनाबद्दल मी खूप वाचलंय, पण एवढं नेमकं सांगणं मला कुठे भेटलं नव्हतं.

आता लिहायला बसण्याआधी मी पेटीच्या बाजूला बसते. पायांवर कुठल्या रंगाचा पराग येतोय, दारात मेलेल्या अळ्या टाकल्यात का, ये-जा मंदावली आहे का, एवढंच पाहते. पेटी उठसूट उघडायची नसते. पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, आणि मध काढायचा तो मेणाने बंद केलेल्या घरांतलाच, तोही त्यांच्यापुरता ठेवून. या पाहण्यामुळे माझं लिखाण बदललं. "बागेत फुलं होती" असं वाक्य आता माझ्या हातून उतरत नाही. कुठली फुलं, कुठल्या महिन्यातली, हे आधी ठरवावं लागतं.

तुमच्या मैत्रिणीकडे परस नसेल, किंवा घरात कुणाला डंखाने अंगभर सूज, धाप असं काही होत असेल, तर पेटी देऊच नका. मग तिला मांघरला घेऊन जा. महाबळेश्वरजवळचं हे गाव 2022 साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथल्या मधपाळांसोबत एक दिवस काढा, तोही डोंगरउतारांवरची कारवीची झुडपं फुलली असतील तर फारच चांगलं. कारवी काही वर्षांतून एकदाच फुलते.

परस असेल तर आधी तिला शिकू द्या. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संस्था आहे. दोन्हीकडे प्रशिक्षण मिळतं. शेजाऱ्यांना विचारा, आसपास कीटकनाशक कधी फवारतात ते बघा. पेटी पाऊस संपल्यावर, फुलोरा सुरू होताना द्या, आणि ती जवळच्याच मधपाळाकडून घ्या, म्हणजे अडलं की हाक मारता येईल. पहिल्यांदा झाकण उघडेल तेव्हा तुम्हीही तिच्या शेजारी थांबा, तोंडावर जाळी घालून.