बाबा मुद्दाम करत नाहीयेत

प्रश्न: बाबांना तीन महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला, मेंदूच्या उजव्या बाजूला. आता आधाराने चालतात पण डावा खांदा दर वेळी दाराच्या चौकटीला आपटतो, ताटात डावीकडचं तसंच राहतं आणि वर म्हणतात वाढलंच नाहीस. डोळे नॉर्मल सांगितलेत. आई म्हणते मुद्दाम करतात, रोजची भांडणं झालीयेत. काय करू?

उत्तर: आधी आईंना सांगा, मुद्दाम अजिबात नाही. याला नेग्लेक्ट म्हणतात. डोळ्यांना दिसत असतं, पण मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही, मग काहीतरी सुटलंय हे तरी त्यांना कळणार कसं? १९७८ मध्ये बिझियाक आणि लुझात्ती या इटालियन संशोधकांनी अशा पेशंटना मिलानमधला कॅथेड्रलचा चौक, रोजच्या ओळखीचा, एका टोकाला उभे आहात असं समजून नुसता आठवून सांगायला लावला, तर मुख्यतः उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हणाले समजा आता तुम्ही समोरच्या टोकाला उभे आहात, तर मघाशी गाळलेल्याच इमारती सांगितल्या! आठवणीतलीसुद्धा डावी बाजू गुल.

म्हणून नुसतं 'डावीकडे बघा' ओरडून भागत नाही, त्यांच्या लेखी तिकडे काही नाहीच. बघायला काहीतरी द्या. पेपरच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवा, प्रत्येक ओळीला ती पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच वाचायचं. ताटाखालच्या मॅटला तेच, चौकटीला तेच: दाराशी थांबा, पट्टी शोधा, मग पाऊल टाका. कंटाळवाणं आहे, शंभरदा सांगावं लागेल. डावा हात थोडा जरी हलत असेल तर टेबलावर डावीकडे ठेवून बोटं हलवायला लावा, त्याने लक्ष तिकडे ओढलं जातं. गप्पा मारायला तुम्ही डावीकडे बसा, पण पाणी आणि बेल उजवीकडेच हवी, तिथे प्रयोग नकोत.

प्रिझमच्या चष्म्याबद्दल (यातून समोरचं एका बाजूला सरकलेलं दिसतं) ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाला, विचारा, तो घालून समोरच्या खुणेवर बोट ठेवायचा सराव करून घेतात, काहींना फरक पडतो, सगळ्यांना नाही.

आणि हो, डोळे नॉर्मल म्हणजे नुसता नंबर तपासला की फील्ड टेस्टही, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं कुठवर दिसतं ती तपासणीही, झाली? स्ट्रोकने नजरेचा डावा अर्धा भागही जाऊ शकतो, दोन्ही एकदम असू शकतं, आणि त्यावर सराव थोडा बदलतो. गाडीची किल्ली मात्र सध्या लपवाच, मागतील, कारण आपल्याला काही झालंय असं त्यांना बहुतेक वाटतच नसेल.