रत्नागिरी-सिंधुदुर्गची दोन अ‍ॅप, एकच कोड: फोटो आणि नकाशे बिल्डमध्ये कुठे ठेवायचे?

तुमची अडचण मला अशी समजली: दोन्ही जिल्ह्यांतल्या किल्ल्यांची आणि किनाऱ्यांची दोन अँड्रॉइड अ‍ॅप एकाच प्रोजेक्टमधून निघतात. सगळे फोटो आणि ऑफलाइन नकाशे मेनच्या, म्हणजे दोन्हींच्या सामाईक भागाच्या, असेट्स फोल्डरमध्ये आहेत. श्रिंक-रिसोर्सेस (न वापरलेल्या फाइली काढणारी बिल्ड-सेटिंग) चालू करूनही साइज हलत नाही आणि काही फोटो फोनवर सापडतच नाहीत.

साइज हलणार नाहीच. श्रिंक-रिसोर्सेस फक्त रेस (res) फोल्डरला हात लावतं. असेट्समधली फाइल कोडमध्ये नुसत्या मजकुरी नावाने उघडली जाते, त्यामुळे कोणती वापरात आहे हे बिल्डला ओळखता येत नाही आणि तिथे टाकलेलं सगळं जसंच्या तसं पॅक होतं. म्हणून निवड आधीच करावी लागते.

दोन जिल्ह्यांसाठी दोन फ्लेवर (एकाच कोडमधून निघणाऱ्या आवृत्त्या) करा आणि प्रत्येकाच्या सोर्स-सेटमध्ये (त्या आवृत्तीच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये) स्वतःचं असेट्स फोल्डर ठेवा. सुवर्णदुर्ग, जयगड, पूर्णगड रत्नागिरीत. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग दुसरीकडे. मेनमध्ये फक्त सामाईक गोष्टी. एकाच पाथची फाइल मेन आणि फ्लेवर दोन्हीकडे असेल तर फ्लेवरची जिंकते, त्यामुळे होम स्क्रीनचा फोटो त्याच नावाने दोन्ही फ्लेवरमध्ये ठेवला की कोडमध्ये एकही अट लिहावी लागत नाही.

मूळ फोटो मात्र सोर्स-सेटच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये असू द्या. त्यातून वेबपी (कमी जागा घेणारा फोटोचा फाइल-प्रकार) बनवणारा टास्क ग्रेडलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या बिल्ड-साधनात, लिहा. रुंदी १४४० पिक्सेल, क्वालिटी ७५ इथून सुरुवात करा. जांभ्याच्या तटबंदीचा फोटो ६५ वरही चांगला दिसतो, कारण दगडाच्या खरखरीत पोतात कॉम्प्रेशनचे डाग लपतात. संध्याकाळच्या आकाशात मात्र पट्टे उमटतात. असे फोटो ८५ वर न्या. टास्कचं इनपुट आणि आउटपुट फोल्डर नीट जाहीर करा आणि आउटपुट व्हेरियंट एपीआयच्या अ‍ॅड-जनरेटेड-सोर्स-डिरेक्टरी या फंक्शनने जोडा. मग काहीच बदललं नसेल तेव्हा ग्रेडल हा टास्क वगळतो. टास्कमधून थेट मेनच्या असेट्समध्ये कॉपी करू नका. गिटमध्ये कचरा साठतो, आणि ग्रेडल ८ मध्ये टास्कचं अवलंबित्व जाहीर नसल्याची तक्रार येऊन बिल्ड तुटतो.

न सापडणाऱ्या फोटोंची दोन कारणं नेहमीची. अंडरस्कोरने सुरू होणारी फोल्डर आणि टिंबाने सुरू होणारी नावं बिल्ड मूळ सेटिंगनुसार गुपचूप वगळतो. दुसरं, विंडोजवर कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक चालून जातो, एपीकेमध्ये (फोनवर टाकायच्या तयार फाइलमध्ये) चालत नाही. सगळी नावं स्मॉल रोमन अक्षरांत ठेवा आणि अँड्रॉइड स्टुडिओच्या अ‍ॅनालाइझ एपीकेमध्ये फाइल खरोखर आत आहे का ते बघा. कुठला फोल्डर किती जागा खातो, तेही तिथेच दिसतं.

आता नकाशे, खरी जागा तेच खातात. एमबीटाइल्स हा ऑफलाइन नकाशाचा फाइल-प्रकार म्हणजे एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल, आणि एसक्यूलाइट असेट्समधून थेट उघडत नाही. आधी फोनच्या स्टोरेजमध्ये कॉपी करावी लागते. म्हणजे ६० एमबीचा नकाशा अ‍ॅपमध्ये एकदा आणि कॉपी म्हणून पुन्हा एकदा जागा घेतो. त्याऐवजी नकाशाचा वेगळा असेट-पॅक (प्ले स्टोअरवरून स्वतंत्रपणे उतरणारा फाइलींचा संच) मॉड्यूल करा, डिलिव्हरी ऑन-डिमांड, म्हणजे मागितल्यावरच, ठेवा आणि अ‍ॅप मॉड्यूलच्या असेट-पॅक्स यादीत त्याचं नाव घाला. डाउनलोड झालेल्या पॅकला खराखुरा फाइल-पाथ मिळतो, तिथूनच नकाशा उघडता येतो. फक्त रीड-ओन्ली उघडा. पॅक अपडेट झाला की तो पाथ बदलू शकतो.

डाउनलोड कधी मागायचं याचा विचार आवर्जून करा. पर्यटक घाट उतरून किनाऱ्यावर पोचेपर्यंत रेंजचा भरवसा नसतो. पहिल्यांदा अ‍ॅप उघडताच, तो घरच्या वाय-फायवर असतानाच विचारा. पॅक मोठा असेल तर डाउनलोड वाय-फायची वाट बघत थांबतं. ती स्थिती कोडमध्ये हाताळून परवानगीचा डायलॉग दाखवा, नाहीतर लोकांना ०% वर अडकलेली पट्टी दिसत राहील. प्रत्येक ठिकाणाचा एक छोटा फोटो आणि पत्ता-वेळ-फोन हा मजकूर मात्र मूळ अ‍ॅपमध्येच हवा, पॅक न उतरवताही तो दिसला पाहिजे.

स्टुडिओतून नुसता एपीके टाकून ऑन-डिमांड पॅक तपासता येत नाही. एएबी (प्ले स्टोअरला द्यायची बंडल फाइल) बनवा, बंडलटूलला (त्यातून एपीके काढणाऱ्या साधनाला) लोकल-टेस्टिंगचा पर्याय देऊन एपीके संच काढा आणि तो बंडलटूलनेच फोनवर टाका. त्यात डाउनलोडचा टप्पा नेटशिवाय पार पडतो, म्हणून अडखळणाऱ्या नेटची परीक्षा प्ले कन्सोलच्या इंटर्नल टेस्टिंगवर वेगळी घ्या.